पावणेदोन मीटर

दादा गेला तेव्हा धाकटी तेवीस वर्षांची होती आणि एका दवाखान्यात पेशंटची नावं-पत्ते लिहून घ्यायचं काम करायची. डोंगर तिला खिडकीतून दिसायचा, तेवढाच तिचा त्याच्याशी संबंध. त्यानंतरच्या अकरा वर्षांत ती स्की शिकली, दोर शिकली, बर्फ शिकली, आणि दादा ज्या शाळेत शिकवायचा त्याच हिवाळी शाळेत प्रशिक्षक झाली. थोरला तिथं होता म्हणून ही धाकटी. पुढं तेच नाव चिकटलं.

थंडीतला तिचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. आधी उतारावर जाऊन फावड्यानं बर्फाचा उभा काप काढायचा आणि थर बघायचे. वरचा थर खालच्यावर नुसता टेकलाय की धरून बसलाय, ते बोटांनी चाचपायचं. मग बुटांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं: कोणता उतार चालू, कोणता बंद. आठला नवशिके यायचे. कुणाचे बूट उलटसुलट, कुणी उभं राहण्याआधीच बसलेलं. "पडायचंच आहे तर डोंगराच्या बाजूला पडा, दरीकडे जागा कमी आहे," असं ती रोज सांगायची आणि रोज कुणीतरी हसायचं. दुपारी हीटरवर वाळत टाकलेल्या पन्नास मोज्यांचा वास, संध्याकाळी गुडघ्यांना मलम. शिकवायची ती चांगली. पण ती इथं शिकवायला आली नव्हती.

ती आली होती मास्तरांसाठी.

मास्तर शाळेतले सगळ्यात जुने. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी दादानं वरच्या झोपडीतून तिला फोन केला होता. "वरचा बर्फ पोकळ वाजतोय गं. मी नको म्हणतोय, पण मास्तर ऐकत नाहीत. म्हणतात, कोर्स आधीच दोन दिवस मागं आहे, घेऊन जा पोरांना." दोन तासांनी उतार सुटला. दादा गेला आणि एकोणीस वर्षांची एक शिकाऊ मुलगी गेली. अहवाल मास्तरांनी लिहिला. त्यात होतं की प्रशिक्षकानं स्वतःच्या निर्णयानं बंद उतारावर गट नेला. धाकटीनं चौकशीत फोनचं सांगितलं. चौकशीवाले म्हणाले, फोनवर भाऊ काय बोलला याला पुरावा काय? त्या मुलीचे आईवडील घरी आले, दारातच उभे राहिले, आणि तिचे वडील आईला म्हणाले, "तुमच्या मुलानं मारली तिला." आईनं दार लावून घेतलं नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत उभी राहिली.

शाळेच्या जेवणघरात कामावर असताना जीव गेलेल्या प्रशिक्षकांचे फोटो आहेत. दादाचा नाही.

तेव्हापासून आई आणि धाकटी दोघीच. धाकटी घरी आली की आई विचारायची, "दिसला का आज?" मास्तरांचं नाव ती घेत नसे. धाकटी म्हणायची, "दिसला." "कसा आहे?" "ठणठणीत." मग आई बटाटे जरा जास्तच जोरात सोलायची.

यंदा नवा नियम आला. पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकानं शोध-परीक्षा पुन्हा द्यायची. नापास झाला तर डोंगरावर शिकवणं बंद. परीक्षक होती धाकटी, आणि यादीत पाच नावं होती. तिसरं मास्तरांचं.

परीक्षा साधीच होती. उतारावर प्रत्येक प्रशिक्षक छातीला बिकन बांधतो. गाडला गेला तर ते यंत्र संदेश सोडत राहतं आणि वरचे लोक आपल्या बिकनवर तो ऐकत त्याच्यापर्यंत येतात. परीक्षेत तीन पिशव्यांत तीन बिकन पुरायचे. उमेदवारानं ते शोधायचे, लांब सळई खुपसून नेमकी जागा धरायची आणि फावड्यानं पिशवी बाहेर काढायची. तिन्ही पिशव्या, पंधरा मिनिटं. पुरण्याची खोली जास्तीत जास्त एक मीटर. हे नियमात काळ्या अक्षरात होतं.

चौघांसाठी धाकटीनं पिशव्या मीटरच्या आतच पुरल्या. मास्तरांच्या वेळी दोन तशाच पुरल्या. तिसरीसाठी ती पहाटे एकटीच वर गेली आणि तिनं पावणेदोन मीटर खणलं. हा आकडा तिला शोधावा लागला नव्हता. अहवालाच्या चौथ्या पानावर होता: प्रशिक्षकाचा मृतदेह, खोली पावणेदोन मीटर.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तर पहिल्या दोन पिशव्यांपर्यंत असे गेले की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. सहा मिनिटांत दोन्ही बाहेर. तिसरीची जागाही त्यांनी पटकन धरली. सळई आत गेली, गेली, जातच राहिली, आणि मग टेकली. क्षणभर ते थांबले. मग खणायला लागले. आठ मिनिटं खणलं. जाकीट काढून फेकलं. फावडं मारताना त्यांच्या घशातून आवाज येत होता. कमरेएवढ्या खड्ड्यात होते तेव्हा धाकटीनं शिट्टी वाजवली.

"वेळ संपली."

ते वर आले नाहीत. "काढतो," म्हणाले, आणि पिशवी हाताला लागेपर्यंत खणत राहिले. मग सळई खड्ड्यात उभी धरून काही वेळ तिच्यावरच्या खुणांकडे बघत राहिले. धाकटीला वाटलं, दम खातायत. तिनं कागदावर "अनुत्तीर्ण" लिहिलं.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "दिसला का आज?"

"आजचा शेवटचा. उद्यापासून वर नाही येणार."

आई सोलणं थांबवून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सूप गरम कर, आज पोटभर जेवू."

दोन-तीन आठवडे धाकटीचे छान गेले. मग एका सकाळी पावाच्या दुकानात मास्तरांची बायको भेटली. बुटकीशी, गोड बाई. धाकटी तिला काकू म्हणायची, कारण तिच्यावर राग काढायचं काही कारण नव्हतं. काकूंनी रांगेतच तिचा हात धरला.

"तुझे फार उपकार झाले गं. तीस हिवाळे मी दर सकाळी गॅसपाशी उभी राहून डोंगराकडे बघत काढले. आता ते घरी असतात, माझ्याशी भांडतात, दुपारी घोरतात. देवासारखी आलीस."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. धाकटीनं पाव घेतला, पण घरी गेली नाही. अकरा वर्षं धार लावलेली सुरी, आणि त्या माणसानं त्याच सुरीनं पावाला लोणी लावून खाल्लं. त्याला शिक्षा झाली, हे त्याला कळायला तरी हवं होतं.

दुपारी ती मास्तरांच्या घरी गेली. ते मागच्या खोलीत दोन स्टुलांवर स्की आडवी ठेवून तिची कड कानशीनं घासत होते. आता कुणासाठी घासत होते कुणास ठाऊक. त्यांनी मानेनंच बस म्हटलं. ती बसली नाही.

"तिसरी पिशवी मी पावणेदोनवर पुरली होती."

"ठाऊक आहे मला." कानस चालूच होती. "मोजली मी."

हे तिच्या हिशेबात नव्हतं. "मग तक्रार का नाही केलीत?"

"केली असती तर त्यांनी तुला विचारलं असतं, असं का केलंस. आणि तू सांगितलं असतंस." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "तो आकडा मीच लिहिलेला. विसरेन का?"

"म्हणजे दादा नको म्हणाला होता, हे खरं."

मास्तरांनी कानस खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. "हे बघ, तू माझा डोंगर घेतलास. मी ब्र काढला नाही. तुझ्या भावाचं आणि माझं फिटलं, असं समज."

"फिटायला आधी कबूल करावं लागतं."

"कागदावर आहे ते आहे. ते आता कुणी बदलत नाही."

काकू चहा घेऊन आत आल्या, दोघांकडे बघून दारातच थबकल्या. धाकटी चहा न घेता निघाली.

फिटलं. हा शब्द तिला घरापर्यंत चावत राहिला. अकरा वर्षं खोटं बोलून जे मिळवलं ते खाल्लं, आणि आता म्हणे फिटलं. घरी गेल्यावर तिनं आईला पहिल्यांदा खरं सांगितलं, पिशवीचं, खोलीचं, सगळं. तिला वाटलं आई बोलेल, परीक्षेत लबाडी केलीस म्हणून. आई म्हणाली, "दोन मीटरवर का नाही पुरलीस?"

"आई."

"बरं. आता काय करणार?"

"तेच शाळेला लिहून देणार. मग त्यांना बोलावतील. विचारतील, खोली कळली होती का. कळली म्हणाले तर गप्प का बसलात, हे सांगावं लागेल. नाही कळली म्हणाले, तर मग कशाचे मास्तर?"

"आणि तुझं?"

"परीक्षक राहणार नाही. शिकवू देतील बहुतेक."

आईनं विचार केला. "लिही. अक्षर नीट काढ."

पत्र एका पानाचं होतं. पहिलं वाक्य: मी परीक्षेत लबाडी केली आहे. पुढं खोली, आणि तीच खोली का, ते लिहिलं. दादाचा फोनही लिहिला.

दहा दिवसांनी शाळेच्या ऑफिसात सुनावणी झाली. लांब टेबल, त्यामागं शाळेचे प्रमुख, शाळेच्या डॉक्टरीणबाई आणि एक निवृत्त प्रशिक्षक. कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. धाकटीचं दोन मिनिटांत झालं. तिनं सगळं मान्य केलं. मग प्रमुखांनी मास्तरांना विचारलं, "पिशवी नियमापेक्षा खोल होती, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

मास्तरांनी चांगला कोट घातला होता. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. त्या हातांनी या शाळेतल्या निम्म्या प्रशिक्षकांना बर्फ मोजायला शिकवलं होतं, समोर बसलेल्या प्रमुखांनाही.

"नाही," ते म्हणाले.

"खड्डा तुमच्या छातीपर्यंत आला होता."

"नाही आलं लक्षात."

"एक मीटर आणि पावणेदोन मीटर यातला फरक तुम्हाला कळला नाही, असं लिहू?"

"लिहा. वय झालं."

कारकुनानं लिहिलं. निवृत्त प्रशिक्षकानं मान खाली घातली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी त्या सकाळी, वरून तो उतार नको असं तुम्हाला कळवलं गेलं होतं का?"

मास्तर खिडकीकडे बघायला लागले. प्रमुख थांबले, सगळे थांबले. धाकटीनं खुर्चीच्या दांड्या धरून ठेवल्या होत्या. हो म्हण, ती मनात म्हणत होती. एकदा तोंडानं म्हण. पण त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

"काय लिहू?" कारकुनानं विचारलं.

"उत्तर दिलं नाही, असं लिहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निकाल आठवड्यानं आला. धाकटीचं परीक्षकपद पाच वर्षांसाठी काढून घेतलं. मास्तरांना परीक्षा पुन्हा द्यायची मुभा होती. त्यांनी अर्ज केला नाही. मीटर न कळणारे मास्तर ही गोष्ट तोवर बुटांच्या खोलीपासून उतारावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली होती, आणि ती खरी नाही, खरी त्याहून वाईट आहे, हेही. जुना अहवाल कुणी उघडला नाही. दादाचा फोटो लागला नाही.

आईनं सुनावणीची प्रत धाकटीकडून दोनदा वाचून घेतली.

"स्वतःच्या तोंडानं म्हणाला, कळत नाही म्हणून?"

"हो."

"आणि पुढं, उत्तर दिलं नाही. तसंच छापलंय?"

"तसंच."

आई हसली. अकरा वर्षांत धाकटीनं तिला असं हसताना बघितलं नव्हतं, आणि ते हसू तिला बघवलंही नाही. मग आईनं डोळे पुसले आणि ती प्रत विजेच्या बिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

महिन्याभरानं पावाच्या दुकानात काकू दिसल्या. या वेळी त्यांनी हात धरला नाही.

"खरं सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या पोरानं नको म्हटलं होतं?"

"हो, काकू."

"मी विचारलं त्यांना. मलाही उत्तर दिलं नाही." त्यांनी पिशवीचा बंद मनगटावरून दोनदा गुंडाळला. "तीस वर्षं. मी कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, सांग."

काकू पाव न घेताच बाहेर पडल्या आणि त्याच आठवड्यात आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या, कायमच्या, असं नंतर कानावर आलं. धाकटीला वाईट वाटलं. वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, हे तिनं स्वतःशी मान्य केलं.

शाळेच्या वाटेवर मास्तरांचं घर लागतं. त्या हिवाळ्याच्या उरलेल्या दिवसांत ती रोज सकाळी तिथून जायची. मागच्या खोलीत दिवा असायचा. ती थांबायची नाही, पण चाल थोडी कमी करायची, आतल्या माणसाला तिच्या बुटांचा आवाज नीट ऐकू जावा म्हणून.