मिक्सरच्या आवाजाखाली

घरातले आवाज चारचौघांत गेलेले हेमाताई केतकरांना मुळीच खपत नसत. जन्म कोथरूडच्या सोसायटीत गेलेला. भांडायचं झालं तरी आधी खिडक्या लावायच्या, मग तोंड उघडायचं. त्यामुळे नवऱ्याच्या शोकसभेत कॉलेजने त्यांचं रेकॉर्डिंग लावलं, त्यात मध्येच कुकरची शिट्टी वाजली आणि पोरं फिसकन हसली, तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाळ केतकर, म्हणजे सत्तरी ओलांडली तरी बाळच, बँकेतून निवृत्त झाल्यावर कॉलेजच्या दिव्यांग केंद्रासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आणि ज्यांना दिसतं, पण अक्षरं जागेवर ठरत नाहीत, त्यांच्यासाठीही. स्टुडिओ कसला, स्वयंपाकघरालगतची मागची खोली आणि पुस्तकाला टेकवलेला मोबाइल. करार कायद्याचं शेवटचं प्रकरण वाचून झालं आणि त्याच खुर्चीत ते गेले. हेमाताई इडली-चटणी घेऊन आत गेल्या तेव्हा मान कलली होती. ‘जाताना हाक मारायचीसुद्धा तसदी दिली नाही हो मला,’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. या एका वाक्यावर त्यांनी ते दिवस काढले होते.

शोकसभेहून आल्या आल्या त्यांनी केंद्र सांभाळणाऱ्या वल्लरीला फोन लावला. ‘‘मुलांच्या अभ्यासात माझा कुकर कशाला? तेवढं साफ करून टाका.’’ वल्लरी कामाला वाघ. तिने सॉफ्टवेअर लावून कुकर, मिक्सर, भांडी, हेमाताईंच्या हाका, सगळं पुसलं आणि नव्या फायली जुन्यांवरच चढवल्या. जुन्या गेल्या त्या गेल्याच.

महिन्याभराने एका दुपारी बेल वाजली. दारात हेल्मेट काखोटीला मारलेली एक मुलगी.

‘‘काकू, मी ओवी. धायरीहून आलेय. बाळकाकांच्या आवाजावर मी लॉ करतेय, आणि तुम्ही माझी पूर्ण वाट लावलीत.’’

पुण्यात इतकं स्पष्ट बोलण्याचा मक्ता आपलाच, असा हेमाताईंचा समज होता. त्यांनी तिला मुकाट आत घेतलं.

ओवीला डिस्लेक्सिया होता. वाचलेलं पान तिला आठवत नसे. ऐकलेलं आठवे, आणि तेही खुणांवर. ‘‘प्रस्तावाची व्याख्या कुकरच्या शिट्टीनंतर. स्वीकार कधी पूर्ण होतो? तर तुम्ही ‘अहो, चहा गार होतोय’ म्हणता ना, तिथे. करारभंगाला मिक्सर. आता सगळं एकदम सपाट झालंय. कुठे काय होतं तेच सापडत नाही.’’ ती टेबलाच्या कडेवर नख घासत होती. ‘‘पुढच्या आठवड्यात पेपर आहे. दोनदा उडालाय. आता उडाला तर पप्पा म्हणतात, बास झालं, मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बस. मला, काकू! दिवसभर नुसते कागद!’’

तिने फोनवर एक प्रकरण लावलं. नवरा गेल्यापासून हेमाताईंनी तो आवाज घरात ऐकला नव्हता. तो मागच्या खोलीतूनच यावा तसा आला. वाचता वाचता थांबून बाळराव म्हणाले, ‘‘आलो, आलो. दोनच ओळी राहिल्यात.’’

पण कुणाला, तेच कळत नव्हतं. कारण हाक पुसलेली होती. बाळराव तिथे धडधडीत जिवंत होते, आणि घरातून गेलेल्या होत्या त्या हेमाताईच.

‘‘कुकर तोच आहे,’’ त्या उठत म्हणाल्या. ‘‘मिक्सर तोच आहे. मीही आहे अजून. बोल, कुठे काय हवंय?’’

मग रोज दुपारी तो उद्योग सुरू झाला. ओवीच्या फोनवर बाळराव वाचायचे, हेमाताईंचा फोन ते टिपायचा. आधी एकदा ऐकून जागा पक्क्या करायच्या. मग ओवी बोट वर करी आणि हेमाताई ओट्यापाशी आपली कामगिरी बजावत. ‘‘अहो, चहा गार होतोय!’’ त्या म्हणत, आणि पलीकडून लगेच ‘‘आलो, आलो’’ येई. पहिल्या दिवशी त्या घाबरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच दोन कप टाकले. हे बरं लक्षण नाही, हे त्यांना कळत होतं. तरी दुपार कधी होते असं त्यांना होऊन जाई.

शेवटी ते शेवटचं प्रकरण आलं. ‘‘इथे करारभंगाची नुकसानभरपाई. मिक्सर अगदी शेवटपर्यंत,’’ ओवी म्हणाली आणि तिने जागा पाहायला फाईल लावली. वाचन संपलं. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग बाळराव म्हणाले,

‘‘हेमा.’’

थोडा वेळ काही नाही. मग, ‘‘हेमा, जरा येतेस का?’’ आणि फाईल संपली.

‘‘हे आधी नव्हतं, काकू.’’

‘‘होतं,’’ हेमाताई म्हणाल्या. ‘‘मी चटणी वाटत होते.’’

त्यांनी ते पुन्हा लावायला लावलं, पुन्हा पुन्हा लावायला लावलं. चष्मा सापडत नसला की ते असेच हाक मारत. छातीत कळ आली असती तरी त्या भिडस्त माणसाने अशीच हाक मारली असती. आवाजावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

‘‘काकांनी नंतर स्वतः बंद केलंय,’’ ओवी हळूच म्हणाली. ‘‘म्हणजे तेव्हा ठीक असतील ना?’’

‘‘किंवा मी आले नाही म्हणून बंद केलं.’’

ओवी फोन उचलू लागली. ‘‘एवढं राहू दे. मी असंच पाठ करते.’’

‘‘आणि पेपरात सापडलं नाही म्हणजे? कागद मोजत बसशील जन्मभर.’’ हेमाताईंनी भांड्यात खोबरं टाकलं, मिरच्या टाकल्या. झाकण बसेना. ‘‘लाव.’’

बाळराव वाचू लागले. ओवीचं बोट वर गेलं आणि मिक्सर घरघरला. नुकसानभरपाईची कलमं त्या आवाजाखाली चालली होती. पुस्तक मिटलं. हेमाताईंनी खटका बंद केला.

‘‘हेमा.’’

घरात आता दुसरा आवाज नव्हता.

‘‘हेमा, जरा येतेस का?’’

‘‘आले हो,’’ हेमाताई म्हणाल्या. ‘‘आले.’’ आणि खोबऱ्याच्या हातांनीच त्या मागच्या खोलीत गेल्या. ओवी रेकॉर्डिंग बंद करायचं विसरली.

पेपरच्या संध्याकाळी ओवीचा फोन आला. सगळं सापडलं होतं. ‘‘फक्त करारभंगाला घोळ झाला. मी सांगणार आणि लेखनिक लिहिणार, असं असतं ना? मी आधी ‘आले हो’ म्हटलं. तो विचारतो, हे लिहू का?’’

‘‘मग?’’

‘‘म्हटलं नको. ते याचं उत्तर नाही.’’

हल्ली हेमाताई चटणी वाटताना मिक्सर मध्येच बंद करतात, मागच्या खोलीकडे कान देऊन उभ्या राहतात आणि मग पुन्हा लावतात. शेजारणीने मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर आणून दिला. हेमाताईंनी तो ठेवून घेतला. खिडक्या मात्र आता लावत नाहीत.