अबोल्यातलं दुसरं जेवण

घरातल्या नवरा-बायकोचा अबोला जितके दिवस टिकेल, तितके दिवस लाडोबा कुत्र्याला रोज एक जेवण जास्त मिळणार होतं. बोलणंच बंद, त्यामुळे दोघंही त्याला वेगवेगळं वाढत. त्याबदल्यात तो निमूटपणे निरोप्या झाला होता.

"लाडोबा, सांग तुझ्या बाबांना, गिझर चालू राहिलाय."

"सांग आईला, मला डोळे आहेत!"

पंधराव्या दिवशी गळ्यातला पट्टा शेवटच्या भोकातही लागेना. आई थेट बाबांकडे वळली. "अहो, तुम्हीपण वाढत होतात याला?"

"म्हणजे तूसुद्धा?"

दोघं खो खो हसली आणि एका सुरात म्हणाली, "उद्यापासून अर्धी वाटी!"

लाडोबा संतापून भुंकला. भांडण यांचं, समेट यांचा, आणि उपास मात्र निरोप्याला!