ट्रायल

गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मालकाला सगळे छर्रेमामा म्हणत. चाकातले बारीक पोलादी छर्रे ते न बघता, नुसत्या बोटांनी मोजून बसवत, म्हणून हे नाव. साठी उलटली तरी त्यांनी एक नियम मोडला नव्हता: दुरुस्त केलेली सायकल स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही. याला ते ट्रायल म्हणत. सायकल चालवणं ही हौशी लोकांची गोष्ट, ट्रायल म्हणजे काम. हा फरक त्यांच्या डोक्यात इतका पक्का होता की शेवटी त्यानेच घोळ घातला.

त्यांचा थोरला भाऊ प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेला होता. लघवीचा त्रास त्याने दोन वर्षं कुणाला कळू दिला नाही. कळलं तेव्हा आजार हाडांत पोचला होता. तेव्हापासून मामींनी धोशा लावला होता, की रक्ताची ती पीएसए तपासणी करून घ्या. मामा वर्षभर टोलवत राहिले. शेवटी दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइक असलेल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, की सख्ख्या भावाला झाला म्हणजे तुम्हाला धोका जरा जास्त. पण तपासणी काही बिनचूक नाही, कधी उगाच घाबरवते, कधी असलेलं दाखवत नाही. तेव्हा करायची का नाही, ते तुम्हीच ठरवा. मामांनी करायचं ठरवलं.

त्यातही त्यांनी शहाणपणा केला. एका गिऱ्हाइकाची शर्यतीची सायकल ट्रायलला होती, सीट अरुंद आणि लाकडासारखी कडक. एका दगडात दोन पक्षी म्हणून ते तिच्यावरूनच शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, गेल्या दोन दिवसांत सायकल चालवली का? मामा म्हणाले, नाही. साखळीत अडकू नये म्हणून पँटच्या पायाला लावलेली क्लिप तेव्हा तशीच होती.

रिपोर्ट आला. छापलेली मर्यादा चार, मामांचा आकडा सहा पूर्णांक आठ. कागदाची घडी करून त्यांनी ती पंक्चरच्या डब्यात रबराच्या तुकड्यांखाली दडवली आणि घरी सांगितलं, रिपोर्टला वेळ लागतोय.

मामींना संशय आला तो चौथ्या दिवशी. मामांनी एक सायकल ट्रायल न घेताच गिऱ्हाइकाला देऊन टाकली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुपारी मामा जेवून आडवे झाले तेव्हा त्यांनी दुकान उलटंपालटं केलं आणि डबा उघडला.

मामा उठले तेव्हा कागद त्यांच्यासमोर होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं काहीतरी ते पुटपुटले.

"तुमच्या दादांचीही मूठ झाकलेलीच होती," मामी म्हणाल्या. "उघडली तेव्हा आत काय उरलं होतं?"

त्याच संध्याकाळी मामी त्यांना जवळजवळ हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, मग फॉर्म पाहिला आणि सहज म्हणाल्या, की बरं झालं, सायकल चालवलेली नव्हती.

"यांनी? नव्हती?" मामींचा आवाज चढला. "हे दिवसभर सायकलवरच असतात."

"चालवली कुठे?" मामा म्हणाले. "ट्रायल घेतली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आपण हसलो तर बरं दिसणार नाही, म्हणून त्या क्षणभर खिडकीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नीट समजावलं. हा आकडा म्हणजे कॅन्सर नव्हे. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक द्रव्य थोडं रक्तात उतरतं, तेच यात मोजतात. कॅन्सरने ते वाढतं. पण वयानुसार ग्रंथी मोठी झाली, जंतुसंसर्ग झाला, कधी कडक सीटवर तासभर बसलं तरी वाढू शकतं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तेव्हाही जास्त आला तर स्कॅन, आणि तुकडा काढून बघायचा तो गरज पडली तरच.

"माझं मागचं चाक आउट होऊन डगमगत होतं, आठवतं?" बाई म्हणाल्या. "मी नवीन टाका म्हणाले. तुम्ही काय म्हणालात?"

"आधी फिरवून बघू," मामा हळूच म्हणाले.

"मग आपणही तेच करू. तोवर तुमची ट्रायल बंद."

पण सायकली तर येतच होत्या. त्यांची ट्रायल घेणार कोण? मामींनी पदर खोचला. लग्नानंतर मामांनीच त्यांना सायकल शिकवली होती, त्याला जमाना झाला. पहिल्या दिवशी त्या समोरच्या कुंपणात शिरल्या आणि अख्ख्या गल्लीची करमणूक झाली. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्या उतरता उतरताच सांगू लागल्या, की मागचा ब्रेक रडतोय आणि पॅडल डावीकडे अडतंय. मामा मुकाट्याने पाना उचलत.

भीती गेली नव्हती. आकडा खाली नाही आला तर, हा विचार हातातलं काम थांबवायचा. पण आता ते तसं मामींना सांगत आणि सांगून झालं की थोडं हलकं वाटे. दादाने दोन वर्षं हे ओझं एकट्याने वाहिलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी मामा लॅबमध्ये चालत गेले. मुलीने तोच प्रश्न विचारला. मामा म्हणाले, सायकल नाही आणि ट्रायलसुद्धा नाही. ती मुलगी बिचारी त्यांच्याकडे बघतच राहिली.

आकडा आला तीन पूर्णांक एक. मामांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी बजावलं, की ही जन्माची हमी नव्हे. पण आज पुढचं काही करायची गरज नाही. वर्षाने परत यायचं, त्रास झाला तर आधीच.

दुकानात आल्या आल्या मामांनी दादाच्या मुलाला फोन लावला. त्याची पंचेचाळिशी उलटली होती.

"तुझ्या वडिलांनी जे कुणाला सांगितलं नाही, ते मी तुला सांगतोय," ते म्हणाले आणि पंक्चरच्या डब्यासकट सगळं सांगून मोकळे झाले.

मग पुतण्या म्हणाला, "काका, मलाही भीती वाटत होती. कुणाशी बोलावं कळत नव्हतं."

डॉक्टरांना भेट, त्यांच्याशी बोलून तुझं तू ठरव, असं मामांनी सांगितलं. आणि रक्त द्यायचं ठरलंच, तर आधी दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही.

"मी कुठे चालवतो, काका?"

"मीही तसंच म्हणालो होतो," मामा म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा मामी एका लाल सायकलवरून गल्लीत वळत होत्या. मामांनी पुढे होऊन हँडल धरलं आणि आता उतरा, मी घेतो, असं सांगितलं. मामींनी त्यांचा हात बाजूला केला.

"थांबा जरा. माझी ट्रायल अजून संपलेली नाही."

मामा दारात उभे राहिले आणि त्या वळसा घालून परत येईपर्यंत थांबले.