अठ्ठेचाळिसावं नाव

मी एक अंगठा बोलतोय. हाडामांसाचा नव्हे, फोनच्या पडद्यावर उमटणारा. तुम्ही मला लाइक म्हणता. माझं आयुष्य जेमतेम सहा तासांचं, पण तेवढ्यात माणसं पुरती पाहिली.

माझा जन्म झाला काळेवाडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. आम्रपाली खिडकीशी बसली होती. तिच्या मैत्रिणीची, दीपमालाची, उजव्या हाताची दोन बोटं आठवड्यापूर्वी त्याच कंपनीत प्रेस मशीनखाली गेली होती. दीपमालानं दवाखान्यातून डाव्या हातानं पोस्ट लिहिली होती, ‘टार्गेटसाठी मशीनचा, हात आत गेला की थांबवणारा सेन्सर बंद ठेवला होता. माझी चूक काय?’ आम्रपालीनं वाचलं, डोळे पुसले आणि मला उमटवलं. तिला वाटलं, नुसता आकडा वाढतो. सत्तेचाळिसाचे अठ्ठेचाळीस झाले.

पण आकड्यावर बोट ठेवलं की नावांची यादी उघडते. दवाखान्यात दीपमाला ती यादी पुन्हापुन्हा वाचत होती. “आई, आम्रपालीबी हाय बघ!” मी फुशारलो. गोळ्यांनी येत नव्हती ती तरतरी माझ्यामुळं तिच्या तोंडावर आली होती.

दुपारी तीच यादी ठेकेदाराचा सुपरवायझर दिग्विजय यानं उघडली. ठेक्यावरच्या पोरींना सात महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे कामावरून कमी करतात. पुन्हा कुणाला घ्यायचं, ते हाच ठरवतो. आम्रपालीचे सात महिने शनिवारी भरत होते.

“काय मॅडम, नेतागिरी सुरू केली?” कँटीनमध्ये त्यानं फोन तिच्यापुढं धरला.

“सर, मैत्रीण आहे माझी. नुसता लाइक केलाय.”

“नुसताच ना? मग काढायला काय जड जातंय? आणि आम्हाला दिसू नये असं होतं, तर केला कशाला?”

या प्रश्नानं माझं डोकं अजून तडकतं. अरे, मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं तू कुणाला डोकावू देतोस का? दुसऱ्याच्या पोटावर पाय देण्याची ज्याची ताकद, त्यानं उघडपणाचे धडे देऊ नयेत!

आम्रपालीच्या हातातला घास तसाच राहिला. घरात कमावणारी ती एकटी. तिनं मला पुसलं.

संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. “अगं, तुझं नाव दिसंना. चुकून गेलं का?”

“दुपारी सर कँटीनमध्ये आले होते,” आम्रपाली म्हणाली.

“त्यानंच सांगितलं व्हय?” दीपमालानं विचारलं. “बरं केलंस बाई. तू तुझं काम टिकव.”

दुसऱ्या दिवशी आणखी एकोणीस नावं गळाली. पोस्ट तीच होती, तुटलेली बोटंही तीच.

आता मी कुठंच नाही, तरी स्वस्थ बसवत नाही. आम्हा अंगठ्यांना घडवणाऱ्यांनो, माणच्या आयटी पार्कातल्या काचेच्या इमारतींत असा नाहीतर परदेशात, माझं एवढं ऐका. आकडा साऱ्या जगाला दिसू द्या. नावं मात्र जिनं दुखणं मांडलं, तिलाच दाखवा. मी दीपमालासाठी उमटलो होतो, दिग्विजयसाठी नव्हे.