पहिल्या थेंबाचं माप

मी एक जुना बधना आहे. हा शब्द तुमच्यातल्या काहींना नवा वाटेल, म्हणून आधीच सांगतो: बधना म्हणजे तोटी असलेला तांब्याचा लोटा. मित्रांनो, माझ्याकडे पाहिलंत तर माझी तोटी मानेपाशी डाग लावून, म्हणजे झाळून, जोडलेली दिसेल. त्या डागाची गोष्ट सांगायला मला फार वेळ लागला. आज सांगतो.

नगरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. पोट गोल केलं, आतून कल्हई केली आणि शेवटी तोटी बसवली. ती बसवताना त्याने मला पाण्याने भरून तीनदा पाहिलं. मी काठोकाठ भरलो की तोटीतून एक थेंब खाली पडायचा. त्याआधी नाही, नंतर नाही. तांबट खूश झाला. "इमानदार निघाला," म्हणाला. माझं झालेलं ते पहिलं कौतुक.

काष्टीच्या अलीकडच्या एका गावातल्या पिंजाऱ्याने मला विकत घेतलं. त्याचा मुलगा गुलाब तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. नमाजाच्या आधी हात, तोंड, पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. बापाने गुलाबला वजू शिकवला तो माझ्याच पाण्याने. मनगटं, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला तळवा आणि मग पाय. गुलाब मला जोरात उलटा करायचा आणि सगळं पाणी मांडीवर घ्यायचा. बाप हसून म्हणायचा, "हळू, बाळा. नदीकाठी बसलास तरी एका बधन्यातच भागवायचं. पाणी आपलं नसतं, आपल्याकडे आलेलं असतं."

गुलाब मोठा झाला, बाप गेला. गुलाब गावोगाव जाऊन गाद्या-उश्यांचा कापूस पिंजायचा. ज्याचा कापूस त्याच्याच गादीत गेला पाहिजे, मूठभरही इकडचा तिकडे नाही, हा त्याचा नेम. कुठल्याही कामाला हात घालताना 'बिस्मिल्ला', म्हणजे अल्लाहच्या नावाने, म्हणायचा, मग ते पिंजण उचलणं असो की चहाचा कप. वाटेत काटा दिसला तर वाकून उचलायचा. आणि दिवस कलताना, असरच्या नमाजाआधी वजू करताना, शेवटचा पाय धुऊन झाला की स्वतःशीच, पण मोठ्याने विचारायचा, "गुलाब, आज तुझ्या हातानं कुणाचं काय गेलं?"

उत्तर आलं की उठायचा. कधी उत्तर असं असायचं की तो तसाच चपला घालून कुणाच्या तरी दारी जायचा आणि मग नमाजाला उभा राहायचा. मी ओट्यावर बसून वाट पाहायचो. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग बहात्तरचं दुष्काळी साल आलं. गाद्या कोण भरणार? गुलाब आणि त्याची बायको जैतुनबी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. मोठी जनावरं छावणीत गेली. आमच्या आळीच्या विहिरीला रात्रभरात एक पिंप भरेल एवढंच पाणी लागायचं. गुलाबच्या घरची दोघं सोडून आळीत माणसं तीस. कुणाची घागर मोठी, कुणाची कळशी लहान. रोज सकाळी भांडण.

आळीतले जाणते उत्तमराव एक दिवस वैतागून म्हणाले, "आरं, एकच माप धरा. गुलाबभाईचा बधना आना. तोटीतनं पहिला थेंब पडला की माप भरलं. सगळ्यांच्या डोळ्यांम्होरं. मानशी दोन बधनं."

एक जण कुरकुरला, "पिंजाऱ्याच्या लोट्यानं घ्यायचं व्हय पानी?"

"आवं, नरडं सुकलंय," आळीतली म्हातारी कडूबाई म्हणाली. "लोटा कुनाचा ते मागनं बघ."

सगळे हसले आणि मी आळीचं माप झालो, गुलाब मोजणारा झाला. उत्तमरावांनी आणखी एक रीत घालून दिली. मोजणाऱ्याने शेवटी घ्यायचं. पिंपाच्या तळाला उरेल ते मोजणाऱ्याचं. गुलाबने छातीला हात लावून ते मान्य केलं.

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे दिवस होते. लेकराच्या तोंडाला वाटी लावावी तितक्या जपून गुलाब मला भरायचा. सगळी आळी माझ्या तोटीकडे पाहायची. थेंब पडला की बायका एका आवाजात म्हणायच्या, "भरला!"

कडूबाई एकटी राहायची. तिला एक शेळी होती, काळी, कपाळावर पांढरा ठिपका. शेळीचं अर्धा शेर दूध, त्याच्यावर कडूबाईचं चहा-मीठ चालायचं. शेळी तेव्हा गाभण होती. छावणीत शेळी घेत नसत. कडूबाईच्या दोन बधन्यांतच तिचंही भागायचं. भांडी विसळलेलं पाणी आणि वर दोन वाट्या चांगलं पाणी. "माझ्या वाट्याला येक बधना, हिच्या वाट्याला उरल त्यो," ती म्हणायची. "हिनं जगावं, मग मी जगंन."

उन्हं वाढली तसं तळाला उरणारं पाणी घटत गेलं. एक दिवस गुलाब आणि जैतुनबीला प्यायलाही बेताचंच आलं. जैतुनबीने दुपारी स्वच्छ मातीवर तळवे टेकवले, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले आणि नमाजाला उभी राहिली. पाणी नसेल तेव्हा असं करतात. त्याला तयम्मुम म्हणतात.

घरात ती दोघं दख्खनी उर्दू बोलायची. मी तुम्हाला आपल्या मराठीत सांगतो. जैतुनबी म्हणाली, "तुम्हीही करा. अल्लाहनेच सोय दिलीय."

गुलाब म्हणाला, "चाळीस वर्षं मी पाण्यानेच वजू केलाय. मशिदीत सगळे म्हणतात, गुलाबभाईचा वजू कधी चुकला नाही. आता मातीने करू?"

"मग मातीने केला तर चुकला का तो?"

"तुला नाही कळायचं."

ती हसली. "मला मातीच कळते बाई. पाण्यातली माणसं तुम्ही."

गुलाब हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जैतुनबी दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी आणायला गेली होती. गुलाबने मला उंबऱ्यावर घेतलं. कापूस पिंजायची लाकडी मूठ हातात घेतली. सवयीने त्याची जीभ उचलली, "बिस्मि..." आणि तो थांबला. तोंड घट्ट मिटलं. मग त्याने माझ्या तोटीवर मूठ ठेवून हळूहळू दाबली. तांबं मऊ असतं, मित्रांनो. मी ओरडू शकत नव्हतो. तोटीचं तोंड बोटभर खाली आलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. पण आता मी काठापासून बोटभर रिकामा असतानाच थेंब पडणार होता.

आणि तो पडला. दुसऱ्या सकाळी सगळ्या आळीसमोर. "भरला!" बायका म्हणाल्या. तीस माणसं, साठ बधने, प्रत्येकात बोटभर खोट. पिंपाच्या तळाला पाच बधने जास्त उरले. बरोबर पाच नमाजांपुरते.

मला घडवणाऱ्याने ज्या एका थेंबासाठी मला तीनदा पाहिलं होतं, तोच थेंब माझ्याच तोंडून खोटं बोलत होता. आणि हे मला शिकवलं कुणी? ज्याला मी वजू करताना सहा वर्षांचा असल्यापासून पाहिलं होतं, त्याने. परक्याने आपटलं असतं तर फक्त पोचा आला असता.

त्या पाण्याने गुलाब वजू करायचा. तोटी वाकल्यामुळे धार नीट पडत नसे, पाणी मनगटावर येण्याऐवजी गुडघ्यावर सांडायचं. तो झटकायचा. शेवटचा पाय धुऊन झाला की लगेच उठायचा. तो रोजचा प्रश्न त्याने विचारणं बंद केलं होतं. मशिदीत मात्र त्याचं नाव वाढलं होतं. "असल्या दुष्काळात गुलाबभाईचा वजू पाण्याचा," लोक म्हणायचे. तो मान खाली घालायचा, आणि लोकांना ती नम्रता वाटायची.

आठवड्याने कडूबाई विहिरीवर म्हणाली, "गुलाबभाऊ, माझं मडकं मोठं झालं काय रं? दोन बधन्यात गळ्याला लागायचं. आता खांद्यालाच ऱ्हातंय."

गुलाब माझ्याकडे पाहत म्हणाला, "मडकं झिरपत असेल, कडूबाई."

"व्हय का? मग जुनं झालं आसंल."

तिने पदरातला मिलो, रेशनवरची लाल ज्वारी, देऊन कुंभाराकडून नवं मडकं आणलं. चार दिवसांनी पुन्हा आली. "ह्ये बी तसलंच. म्हंजी माझंच डोळं गेलं म्हनायचं." आणि स्वतःवरच हसली. आळीतलीच भिमाबाई मागे रांगेत उभी होती. ती म्हणाली, "म्हातारे, डोळं गेलं तरी तोंड लई तिखट हाय तुझं." सगळ्या हसल्या. गुलाबने मला भरलं. थेंब पडला.

मला वाटलं, आता तरी तो माझी तोटी वर करील. त्याने केली नाही.

काष्टीच्या पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, कडूबाई शेळीला घेऊन आमच्या दारात आली. शेळीच्या बरगड्या मोजता येत होत्या. पोट तेवढं पुढे आलेलं.

"गुलाबभाऊ, हिला उद्या काष्टीला ने," ती म्हणाली. "माझ्याच्यानं हिचं पानी भागंना. खाटकाला देऊ नगंस. ज्याच्या दारात पानी हाय आसा मानूस बघ. दुसऱ्या कुनावर माझा भरवसा न्हाई, म्हनून तुझ्याकडं आले." तिने दावं त्याच्या हातात दिलं, शेळीच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि मागे न पाहता गेली.

गुलाब दावं धरून तसाच उभा राहिला. असरची वेळ झाली. तो माझ्याजवळ बसला, हातावर पाणी घेतलं आणि ते गुडघ्यावर सांडलं. शेळी पुढे झाली आणि त्याचा ओला गुडघा चाटू लागली.

तो रडला. जैतुनबी बाहेर आली. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या वाकलेल्या तोटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मातीची लाज वाटली तुम्हाला, आणि याची नाही वाटली?"

"मी तौबा करतो. रात्रभर नमाज पढतो. अल्लाह माफ करील."

"नमाजाचं अल्लाह बघील. पाणी कडूबाईचं होतं. ते तिच्याशिवाय कुणाला माफ करता येत नाही, हे तुम्हीच आजवर सांगत आलात."

त्याने माझ्यातलं पाणी शेळीला पाजलं. मग एका हातात दावं, एका हातात मला घेऊन कडूबाईच्या दारी गेला. उभ्यानेच सांगितलं. तोटी बोटाने दाखवली.

कडूबाईने आधी शेळी ओढून घेतली. मग विचारलं, "सगळ्यांचंच घेतलंस?"

"व्हय."

"मग माझ्या येकटीला काय सांगतोस? सकाळी हिरीवर सांग."

सकाळी विहिरीवर त्याने सांगितलं. शब्द थोडेच होते. तोटी मी वाकवली, पाणी मी घेतलं, कडूबाईचे डोळे चांगले आहेत. भिमाबाईने फक्त आपली कळशी उचलून कडेला घेतली. पुढे कितीतरी दिवस गुलाब आणि जैतुनबीने आपल्या वाट्यातून रोज एक बधना कडूबाईच्या शेळीला दिला आणि गुलाबने मशिदीच्या अंगणात, सगळ्यांदेखत, मातीवर हात टेकून तयम्मुम केला.

शेळी व्याली. दोन करडं झाली. त्या दिवशी गुलाब पुन्हा कडूबाईपुढे हात जोडून उभा राहिला. तिने करडाचं तोंड पुसता पुसता सांगितलं, "पानी माफ केलं, गुलाब. पर आता तू मोजू नगंस."

तेव्हापासून आळीत डालड्याच्या डब्याने पाणी मोजू लागले. कडूबाईचं ते बोलणं गुलाबला होतं. पण मोजणं माझंही सुटलं.

त्याने माझी तोटी पुन्हा वर केली. तेव्हा ती मानेपाशी तडकली. कल्हईवाल्याने डाग लावून दिला. गुलाब आजही माझ्याच पाण्याने वजू करतो आणि शेवटचा पाय धुऊन झाल्यावर आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसून राहतो. मी त्याच्यावर रागावलो आहे का? मला नीट सांगता येत नाही. तो मला हातात घेतो तेव्हा माझी मान अजून आकसते, एवढं खरं.

मित्रांनो, तुमच्याही घरात रोजच्या वापराची एखादी मुकी वस्तू असेल: माप, तराजू, पट्टी, किंवा नुसता तुमचा शब्द. ती तुमच्या हातात असते तेव्हा तिला काहीच करता येत नाही. तिला वाकवू नका. आणि दुसऱ्याच्या हाताने वाकलेली एखादी वस्तू कुठे कोपऱ्यात पडलेली दिसली तर तिला तेवढ्यावरच खोटी ठरवू नका.

दुष्काळ सरला. विहिरीला पाणी आलं. बायका आमच्या दारावरून कळश्या घेऊन जातात. मी ओट्यावर असतो. माझं माप आता बरोबर आहे. काठोकाठ भरलो की एक थेंब पडतो, त्याआधी नाही. कुणीतरी मला एकदा भरून पाहा.