आईच्या नावावरची रजा

प्रथमेशने मोबाइल वर केला तशी नुपूर दोन पावलं बाजूला सरकली. फोटोत फक्त तटबंदी, कड्यावरचं दगडी देऊळ आणि मागचा निळाशार समुद्र उरला.

"अगं, थांब ना जरा. इतक्या लांब येऊन मी दगडांचे फोटो काढू?"

"दगडांचेच काढ. त्यांना कुणी विचारणार नाही, इथे काय करताय म्हणून."

तो हसला. तीही हसली, पण फोटोत आली नाही. गेले पाच दिवस हेच चाललं होतं. रिसॉर्टच्या तलावाकाठी, नारळांना बांधलेल्या झोळीत, आणि आता माया लोकांच्या या जुन्या बंदरात. सगळे फोटो पाहिले असते तर प्रथमेश एकटाच मेक्सिकोला येऊन गेला असं वाटलं असतं.

सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन आत्तापासूनच चटके देत होतं. पडक्या भिंतींवर घोरपडीएवढे सरडे पसरले होते. देवळाच्या पायऱ्यांना दोर लावलेला होता, त्यामुळे वर जाता येत नव्हतं. त्या वरच्या खोलीत रात्री दिवा ठेवायचे, गाइड सांगत होता. समुद्रात समोर प्रवाळाची रांग आहे, तिच्यातून होडीला वाट कुठे आहे ते खलाशांना दिव्यावरून कळायचं. नुपूरला हे आवडलं. तिने मान वर करून बराच वेळ त्या खिडकीकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर ती सुखात होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यातली चार वर्षं ती सेंदाईच्या विद्यापीठात भाताच्या रोपांवर संशोधन करत होती आणि प्रथमेश टोकियोत, हिगाशी-कसाईच्या दोन खोल्यांत राहून एका आयटी कंपनीत नोकरी करत होता. एकाआड एक शनिवारी दोघांपैकी एकाने शिनकान्सेन ही बुलेट ट्रेन पकडायची, रविवारी संध्याकाळी परत. सलग आठ दिवस एका छताखाली काढल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. यंदा नोव्हेंबरअखेर त्याला सुट्टी मिळाली आणि त्याने तिला न विचारताच तिकिटं काढली. भांडण होईल अशी त्याची खात्री होती. ते झालं नाही, कारण त्या संध्याकाळी नुपूर तिकिटं बघून चक्क रडली होती.

प्रश्न रजेचा होता. कागदावर वर्षाला वीस दिवस मिळत. पण मजेसाठी एकदम आठ दिवस कुणी घेतल्याचं तिच्या लॅबमध्ये कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि रोपांची मोजणी तर रोज सकाळी नऊला व्हायलाच हवी होती. प्रोफेसर निशिमुरांपुढे उभी राहून ती "आठ दिवस..." एवढंच म्हणाली. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी चष्मा काढला.

"घरी काही?"

"हो. आई," नुपूर म्हणून गेली.

आजारी हा शब्दही तिला उच्चारावा लागला नाही. प्रोफेसरांनी मान झुकवली. पलीकडच्या टेबलावरून ओकादा-सान उठून उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेल्या, कचरा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून प्राध्यापकांनाही परत पाठवणाऱ्या बाई. मोजणी मी करते, शनिवार-रविवारीसुद्धा, त्या म्हणाल्या, तुम्ही आईजवळ जा. यानंतर "तसं काही नाही, समुद्रावर जायचंय" असं सांगायला जी छाती लागते ती नुपूरकडे नव्हती. खूप लोकांकडे नसते.

म्हणून फोटो नकोत. लॅबच्या हिशेबी ती पुण्यात होती.

तटबंदीतून बाहेर पडताना तिचा मोबाइल थरथरला. आईचा व्हिडिओ कॉल. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, जपानमध्ये रात्रीचे दहा. आईच्या हिशेबी ती सेंदाईत होती. नुपूरने कॉल कापला आणि रखरखीत उन्हात उभं राहून लिहिलं, झोपतेय गं, उद्या बोलू.

बरं, आईचं उत्तर आलं. काही विशेष नव्हतं, असंही तिने लिहिलं.

"सांगून टाक ना तिला," प्रथमेश म्हणाला.

"काय सांगू? आठ दिवस मिळाले आणि तुझ्याकडे आले नाही, असं?"

पुण्याला जाऊन तीन वर्षं होऊन गेली होती. आई दर रविवारी विचारायची, कधी येतेस? नुपूर दर रविवारी म्हणायची, रजा मिळाली की.  प्रथमेशने तिच्या डोक्यावरची वाकडी झालेली टोपी नीट केली आणि दोघं समुद्राकडे उतरणाऱ्या जिन्याला लागले.

टोकियोला परतल्यावर एक काम उरलं होतं. सुट्टीवरून येताना लॅबमध्ये सगळ्यांसाठी त्या गावचा खाऊ न्यावा लागतो. न नेला तर कुणी बोलत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहतं. नुपूरने घराजवळच्या भारतीय दुकानातून चिक्कीचे तीन डबे आणले, प्रत्येक वडीला वेगळं वेष्टन असलेले. घरी येऊन पाहते तर डब्यांच्या पाठीवर जपानी कागद चिकटवलेला. त्यात काय काय आहे, कुणी आयात केलं, आणि त्याचा टोकियोतल्या एदोगावातला पत्ता. मग नवराबायको केस वाळवायचं यंत्र घेऊन तासभर बसले. ती गरम हवा मारायची, तो नखाने कागद सोलायचा.

"पीएचडीचा उपयोग झाला म्हणायचा," तो म्हणाला.

"गप्प बस आणि तो कोपरा नीट काढ. डिंक दिसतोय."

सोमवारी सकाळी सेंदाईत पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. नुपूरने चिक्की वाटली. प्रत्येकाने ती दोन हातांनी घेतली आणि आवाज खाली आणून आईची चौकशी केली. बरी आहे, नुपूर सांगत गेली, आता बरी आहे. सातव्या-आठव्या वेळेला ते अगदी सहज यायला लागलं.

ओकादा-सानांनी मोजणीची वही तिच्यापुढे ठेवली. आठ दिवसांचे आकडे, बारीक आणि सरळ. प्रत्येक पानाखाली त्या दिवशी रोपांना काय झालं त्याची एक ओळ. रविवारच्या पानावर लिहिलं होतं, बस बंद होती, चालत आले, वीस मिनिटं उशिरा मोजलं, क्षमस्व.

नुपूरने ती ओळ पुन्हा वाचली.

"आईंना पार्सल मिळालं का?" ओकादा-सानांनी विचारलं.

"पार्सल?"

"तुम्ही गेल्यावर तीन दिवसांनी पाठवलं. पत्ता ऑफिसात होता, तातडीच्या संपर्काच्या फॉर्मवर. फार काही नाही. गुडघ्यांवर घ्यायचं पांघरूण, आणि देवळातला एक ताईत, तब्येतीसाठी. आत चिठ्ठी आहे. इंग्रजीत लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या."

"चिठ्ठीत काय लिहिलंत?"

"की मुलगी आठ दिवस जवळ आहे, आता लवकर बरं वाटेल." त्या जरा संकोचल्या. "तुम्ही तिथे असताना पोचायला हवं होतं. पण निघाल्यावर पोचलं तरी चालेल. मुलगी परत गेली की घर मोठं वाटतं. तेव्हा मिळालेलं बरं."

त्यांनी टपालाची पावतीही जपून ठेवली होती. नुपूरने तिच्यावरचा नंबर मोबाइलमध्ये घातला. पार्सल मुंबईत, कस्टममध्ये होतं.

म्हणजे वेळ होता. पार्सल पोचायच्या आत आईला आपल्या तोंडाने सांगायला हवं होतं. त्या आठवड्यात नुपूरने तीनदा फोन केला. पहिल्यांदा आई सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलली, दुसऱ्यांदा शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल. तिसऱ्यांदा नुपूर "आई, ऐक ना" एवढं म्हणाली, आई म्हणाली, "बोल की", आणि नुपूरने विचारलं, जेवलीस का. शाळेत असताना प्रगतिपुस्तक दप्तरात लपवून ती अशीच घरभर फिरायची. शुक्रवारी दुपारी मोबाइलवर दिसलं, पार्सल पोचतं झालं.

त्या रविवारी तिने फोन लावला. आईने उचलला. यंदा थंडी नाही म्हणाली, पेरू मात्र छान आलेत म्हणाली. वीस मिनिटं झाली तरी पार्सलचा विषय नाही.

"टपालाने काही आलं का गं, एवढ्यात?" नुपूरने शेवटी विचारलं.

"टपालाने आता काय येतं? विजेचं बिलसुद्धा मोबाइलवर येतं."

"नाही, सहज विचारलं."

"कधी येतेस?"

"रजा मिळाली की."

फोन ठेवल्यावर ती पलंगावर आडवी पडली. पार्सल वॉचमनकडे पडून राहिलं असणार, नाहीतर भलत्याच फ्लॅटमध्ये गेलं असणार. कुणाचे तरी गुडघे उबदार राहतील. तिला इतकं हलकं वाटलं की त्याची लाजही वाटली. पण लाज तासाभरात ओसरली आणि हलकं वाटणं तसंच राहिलं. तिने प्रथमेशला फोन करून सांगितलं, सुटलो.

डिसेंबरच्या शेवटी लॅबची वार्षिक साफसफाई होती. प्रोफेसर खुर्चीवर चढून दिव्यांची धूळ पुसत होते, विद्यार्थी फ्रीज रिकामा करत होते. ओकादा-सान हातमोजे काढत नुपूरकडे आल्या. त्यांच्या हातात भारतीय तिकिटं लावलेलं एक पाकीट होतं.

"तुमच्या आईंचं उत्तर आलंय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "किती सुंदर अक्षर. मी दोनदा वाचलं. काही शब्द शोधावे लागले."

आईने एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. रेघा नसलेल्या कागदावर ओळी रेघ मारल्यासारख्या सरळ होत्या. नुपूरने फडकं खांद्यावर टाकलं आणि उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली.

प्रिय ओकादा मॅडम,

पांघरूण मिळालं, रोज वापरते. ताईत देवघरात ठेवला आहे, आमच्या देवांची हरकत नाही.

नुपूर आली त्याचा मला फार आधार झाला. डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसून होती. मी बाहेर आले तेव्हा तिला डुलकी लागली होती. लांबच्या प्रवासाने दमली होती, म्हणून मीच थोडा वेळ शेजारी बसून राहिले. पुढे आठवडाभर डोळ्यात थेंब तिनेच घातले, घड्याळ लावून. मला वाचायला बंदी होती, तेव्हा सकाळी पेपर वाचून दाखवायची. तिचं मराठी वाचन पूर्वीपेक्षा मंद झालं आहे, पण मला घाई नव्हती. तिला स्वयंपाक येत नाही असा माझा समज होता. पिठलं चांगलं केलं.

तुम्ही रोपं सांभाळली नसती तर तिला येता आलं नसतं. माझ्या मुलीच्या मागे तिथे तुमच्यासारखं माणूस आहे हे मला माहीत नव्हतं. आता मी निर्धास्त आहे.

आपली,
शैलजा

"ऑपरेशन होतं हे तुम्ही बोलला नाहीत," ओकादा-सान हळूच म्हणाल्या. "आणि पिठलं म्हणजे काय?"

"बेसनाचं असतं," नुपूर म्हणाली. "मी आलेच."

बाहेरच्या पॅसेजमध्ये सगळ्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत ती खिडकीपाशी गेली आणि फोन लावला. पुण्यात दुपार होती. आईने तिसऱ्या रिंगला उचलला.

"आज गुरुवार ना?" आई म्हणाली. "आज कसा काय फोन?"

"आई, डोळ्याचं ऑपरेशन झालं तुझ्या?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"अगं मोतीबिंदू. त्यात काय. सकाळी नेतात, दुपारी घरी. डावा झाला, आता लख्ख दिसतं. उजवा फेब्रुवारीत करू म्हणतात."

"कधी झालं?"

"नोव्हेंबरात. अठ्ठावीस तारखेला."

नुपूरने मनातल्या मनात तारीख मोजली. सत्तावीसला ते त्या देवळाखाली उभे होते, आणि तिने आईचा कॉल कापला होता.

"आई, मी तेव्हा तिथे..."

"असू दे गं."

"तुझ्याबरोबर कोण होतं?"

आईने गॅस बंद केला.

"तू होतीस की," ती म्हणाली. "लिहिलंय ना मी सगळं."