तीनशे एकची चतुःसीमा

भागीरथाबाईंना कागद दिसला की त्या वाचतात. अर्धवट नाही, पूर्ण वाचतात. शेंगदाण्याच्या पुडीचा असो, औषधाच्या डबीतला असो की विजेचं बिल असो, बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. शिक्षण म्हणाल तर चौथी. त्यांचा मुलगा हेमराज थट्टेनं म्हणतो, की आमच्या आईला लग्नाची पत्रिका दिली तर ती नवरा-नवरीच्या आधी छापखान्याचा पत्ता पाठ करेल. सून रुचिकाला मात्र यात थट्टेसारखं काही वाटत नसे, तिला सरळसरळ वैताग यायचा. सकाळी धंतोलीच्या दवाखान्यात पोचायची घाई, आणि सासूबाई दारातच दुधाची पिशवी हातात धरून तिच्यावरची तारीख, वजन आणि डेअरीचा फोन नंबर वाचत उभ्या. त्यांना ओलांडून जाताही येत नाही.

त्या दिवशी रजिस्ट्री होती. घराची रजिस्ट्री, आणि तीही आयुष्यातली पहिली.

नागपूरच्या बेसा रोडवर नव्या ले-आउटमध्ये तीन मजल्यांची फ्लॅट स्कीम उभी राहिली होती. प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. तिसऱ्या मजल्यावरचा तीनशे एक रुचिकानं पाहताक्षणी पसंत केला होता, आणि तो कशासाठी हे तिनं कोणापासूनही लपवलं नव्हतं. त्या फ्लॅटला पूर्वेला गॅलरी होती, आणि गॅलरीसमोर बगिच्यासाठी सोडलेली मोकळी जागा. लग्न होऊन ती तांडापेठेतल्या दोन खोल्यांत आली, त्याला आठ वर्षं झाली होती. त्या खोल्यांमध्ये भर दुपारीही दिवा लावावा लागतो. दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर ट्यूबलाइटखाली काचपट्ट्या पाहायच्या आणि घरी येऊन पुन्हा ट्यूबलाइटच पाहायची. तिला मार्बल नको होता, फॉल्स सीलिंग नको होतं. सकाळच्या उन्हात उभं राहून स्वतःच्या घरात चहा प्यायचा होता, बस.

एकच गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. बायकांच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, असं हेमराजला कुठून तरी कळलं. त्यानं ठरवून टाकलं, घर दोन्ही बायकांच्या नावानं. आणि आई मोठी, म्हणून तिचं नाव पहिलं. रुचिका म्हणाली, "ठेवा ना, मी कुठं नाही म्हणते." म्हणाली खरी, पण पुढचे दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. कर्जाचा मोठा हप्ता तिच्या पगारातून जाणार होता. निदान पहिल्या ओळीत आपलं नाव असावं, असं वाटणं काही पाप नव्हे. पण बोलायचं कोणाजवळ?

तर सकाळी साडेदहाला तिघं रजिस्ट्री ऑफिसात पोचले. बिल्डरच्या वतीनं रुपरावजी आले होते. पांढरा शुभ्र शर्ट, दोन मोबाइल आणि बोलण्यात अशी गोडी, की ऐकणाऱ्याला पाणी प्यावंसं वाटावं. त्यांनी विक्रीपत्राची जाडजूड प्रत बाकावर ठेवली, कुठं कुठं सही करायची तिथं पिवळ्या चिठ्ठ्या आधीच लावून ठेवल्या होत्या.

"आपला नंबर चौदावा आहे. आता नववा चालू आहे. तुम्ही तवरक चिठ्ठ्या पाहून पटपट सह्या करून घ्या," ते म्हणाले.

भागीरथाबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पान एक उघडलं.

"काकू, वाचायचं काय त्याच्यात? सगळ्याइचं सारखंच राहते."

"सगळ्याइनं वाचलं काय?" भागीरथाबाईंनी विचारलं. चेष्टेनं नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

रुपरावजी हसले आणि एका मोबाइलवर बोलायला निघून गेले. रुचिकानं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. अडतीस पानं होती. दहावा नंबर गेला, अकरावा गेला. सासूबाईंचं बोट ओळीवरून गोगलगाईच्या चालीनं सरकत होतं. मध्येच त्या एखादा शब्द पुटपुटायच्या, "निर्वेध", "वहिवाट", आणि तोंडात घोळवून पुढे जायच्या. समोरच्या बाकावरच्या लोकांनाही आता मजा वाटू लागली होती. रुचिकाची मान लाजेनं खाली गेली.

तेरावा नंबर आत गेला तेव्हा बोट थांबलं.

"हेमराज, इकडे ये गा. हे चतुःसीमा का असते?"

"घराच्या चार बाजूले काय काय आहे ते लिहिते, आई. काहून?"

"मंग हे आपलं घर नाही."

हेमराज इतक्या जोरात "काय?" म्हणाला, की शिपायानं वळून पाहिलं. भागीरथाबाईंनी ओळ वाचून दाखवली. सदनिका क्रमांक तीनशे एक. पूर्वेस जिना व सदनिका क्रमांक तीनशे दोन. पश्चिमेस शेजारील इमारत.

"आपल्या गॅलरीत तं सकाळचं ऊन येते. मंग पूर्वेले जिना कसा आला?"

रुपरावजी धावत आले. पाहिलं आणि हात झटकला. "छपाईची चूक आहे, काकू. दिशा कोण पाहते? फ्लॅटचा नंबर बरोबर आहे नं, बस झालं. मागून दुरुस्ती पत्र करून देतो. आत नंबर लागून राहिला, चला."

"चूक आहे तं आताच दुरुस्त करा."

"आता होत नाही. पुन्हा टाइप करा लागते, पुन्हा तारीख घ्या लागते. अन् तुमच्या बँकेचं पत्र महिनाअखेरपर्यंतच चालते. चार दिवस राहिले. तारीख नाही भेटली तं लोनची सगळी कटकट पहिल्यापासून. पाहा मंग."

हेमराजचा चेहरा उतरला. "आई, कर नं सही. ते म्हणून राहिले नं मागून करून देतो म्हणून."

"ते म्हणून राहिले," भागीरथाबाई शांतपणे म्हणाल्या, "पण लिहून नाही राहिले."

"काकू, तुम्हाले दिशेचा काही घोळ झाला असन," रुपरावजींच्या आवाजातली साखर आता संपत आली होती. "नव्या जागी सगळ्याइलेच होते."

यावर मात्र भागीरथाबाईंनी चष्मा काढला. "मले? अहो, बत्तीस वर्षं मागावरचं खळ लावलेलं सूत मी गल्लीत ताणून वाळवलं. ऊन कोणत्या घराच्या कोपऱ्यावर कधी येते, हे नाही समजलं तं सूत चिकटून बसे अन् आठ दिवसाचा रोज बुडे. मी कुठंबी गेली की पहिले सूर्य पाहते. तुमच्या त्या घरीबी पाहिला."

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्या बाकावर एकट्या रुचिकाला ठाऊक होतं. फ्लॅट पाहायला गेले त्या सकाळी ती नळ सोडून पाहत होती, हेमराज टाइल्सवर बूट आपटत होता, आणि सासूबाई गॅलरीत नुसत्या उभ्या होत्या. पायावरचं ऊन पाहत. रुचिकाला तेव्हा वाटलं होतं, म्हातारी थकली.

आतून आवाज आला, नंबर चौदा.

सगळ्यांनी रुचिकाकडे पाहिलं. दोघींची सही लागणार होती. एक सासू अडून बसलेली, दुसरी मान हलवेल तर म्हातारीला समजावता येईल, हा हिशेब रुपरावजींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तारीख गेली तर? कर्ज अडकलं तर? दुसऱ्या कोणी जास्त पैसे देऊन फ्लॅट उचलला तर? आठ वर्षं वाट पाहून हातातोंडाशी आलेलं घर, आणि मध्ये आली ती एक ओळ. सही करून मोकळं व्हावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण कागदावर जिना होता, आणि उन्हात जिना नव्हता.

"रुपरावजी, मंजूर नकाशा दाखवा," ती म्हणाली.

"तो ऑफिसात आहे, मॅडम. आता कुठून आणू?"

"यालेच जोडला आहे नं," भागीरथाबाई म्हणाल्या. "शेवटच्या पानावर. सूचीत लिहिलं आहे, परिशिष्ट क."

अडतिसावं पान उघडलं. नकाशा बारीक होता, पण रुचिकाचे डोळे सूक्ष्मदर्शकाला सरावलेले. वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण. त्या बाणावरून तिनं पूर्व धरली, जिना धरला, आणि आकडे वाचले. पूर्वेच्या, बगिच्याकडच्या घरात लिहिलं होतं तीनशे दोन. तीनशे एक पश्चिमेला होतं, शेजारच्या स्कीमच्या भिंतीला खेटून. खिडकीतून हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल, इतकं खेटून.

छपाईची चूक नव्हतीच. कागद बरोबर होता, दारावरच्या पाट्या चुकल्या होत्या. रुपरावजींनी तिथल्या तिथे साइटवर फोन लावला, आणि दोन मिनिटांत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. पहिल्या दोन मजल्यांच्या पाट्या लिफ्टच्या बाजूनं मोजून लावल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर रंगारी नवा होता, लिफ्ट बंद होती, तो जिन्यानं चढून आला आणि त्यानं जिन्याच्या बाजूनं मोजलं. उजवीकडचं डावीकडे झालं. त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही कोणाला सांगितलं नाही.

रुचिका मटकन बाकावर बसली. आतापर्यंत तिनं सही केली असती. आनंदानं केली असती, पेढे वाटले असते, वीस वर्षं हप्ते भरले असते, आणि कागदोपत्री एक भिंत विकत घेतली असती. आज ना उद्या कोणी तरी नकाशा उघडलाच असता आणि तिला तिच्याच गॅलरीतून बाहेर काढलं असतं. शिकली-सवरलेली ती, बी.एस्सी. झालेली, रोज दुसऱ्यांच्या रक्तातली चूक शोधणारी. आणि वाचलं कोणी? चौथी शिकलेल्या बाईनं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि त्याहून जास्त सासूचा अभिमान वाटला. इतका, की तो कुठं ठेवावा ते तिला समजेना.

रुपरावजींनी मग तीनशे दोनच्या घेणाऱ्यांना फोन लावला. ते धम्मानंद सर, मौद्याकडच्या शाळेत शिक्षक. त्यांची रजिस्ट्री पुढच्या आठवड्यात होती. त्यांनी पश्चिमेचाच फ्लॅट पाहून, ठरवून घेतला होता, कारण शेजारच्या भिंतीमुळे तिथे दुपारचं ऊन येत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात माणसाला आणखी काय पाहिजे! त्यांच्याही कागदावर उलटंच घर आलं असतं. स्पीकरवर त्यांचा आवाज ऐकू आला, "कोणाच्या लक्षात आलं हो हे? त्या ताईंना माझा जयभीम सांगा."

"जयभीम, सर," भागीरथाबाई फोनकडे वाकून म्हणाल्या, आणि लगेच जोडलं, "तुमचाबी कागद वाचून घेजा."

गंमत अशी, की मघाशी अजिबात होत नसलेलं आता पटापट व्हायला लागलं. परवाची तारीख मिळाली, महिना संपायच्या दोन दिवस आधीची. रुपरावजी स्वतः धावत जाऊन चहा घेऊन आले. विक्रीपत्र दुरुस्त करायला सगळे ऑफिसबाहेरच्या टाइपिंगच्या दुकानात गेले. तिथं कुसुमताई नावाच्या बाई कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. त्यांनी तीनशे एकचं तीनशे दोन केलं, चतुःसीमा बदलली, आणि विचारलं, "घेणार एक, भागीरथा श्रावण हेडाऊ. घेणार दोन, रुचिका हेमराज हेडाऊ. हे असंच राहू देऊ नं?"

"नाही," भागीरथाबाई म्हणाल्या. "आता बदलवूनच राहिले तं माझं नाव काढून टाका. हिचं एकटीचं ठेवा. सूट तेवढीच भेटते, मी विचारून घेतलं आहे."

हेमराज बघतच राहिला. सासूबाईंनी रुचिकाकडे न पाहता सांगितलं, "दोन दिवस तू जेवली नाही वं बरोबर. मी काय कागदच वाचते? तुही कमाई, तुहं घर. मले गॅलरीत बसू देजो, म्हणजे झालं."

दुकानात बाजूला कोणाचा तरी प्रिंटर खडखडत होता. रुचिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायच्या भानगडीत न पडता ती कुसुमताईंकडे वळली.

"ताई, एका अक्षराले हात लावायचा नाही. त्याइचं नाव पहिलं आहे, ते पहिलंच राहीन. नाही तं मी सहीच करत नाही."

"काहून वं, आता तुलेबी अडून बसायची सवय लागली काय?" सासूबाई म्हणाल्या. पण चष्मा पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

अडतीस पानं पुन्हा छापून आली, गरम गरम. रुपरावजींनी ती अदबीनं दोन्ही हातांनी भागीरथाबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि या वेळी चिठ्ठ्या वगैरे काही लावल्या नाहीत. रुचिकानं दवाखान्यात फोन करून सांगितलं की ती आज ड्यूटीला येत नाही. मग स्टूल ओढून ती सासूच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"मोठ्यानं वाचा, आई," ती म्हणाली. "मलेबी ऐकू द्या."